वकिलातीचे डबे

सन २०२३, डिसेंबर. भात झोडून झालं होतं. त्या हिवाळ्यात एका परदेशी वकिलातीची माणसं चौक गावाजवळच्या आमच्या वस्तीत तीनदा आली आणि मागे किस्सेच ठेवून गेली. चहाला बसलं की एक तरी निघतोच. वस्तीच्या बैठका भरतात त्या जमातखान्याची किल्ली माझ्याकडे, म्हणून मी प्रत्येक वेळी हजर.

*

पहिल्यांदा गोरी मॅडम आली. सोबत मुंबईचा दुभाषा. तो म्हणाला, "मुसलमानांमध्ये मॅडमना आपल्या देशाची इमेज सुधारायची आहे."

हसन टेंपोवाला माझ्या कानाशी लागला. "चाचा, आमी कधी बिघडवली?"



*

मग कागद वाटले. 'आमच्या देशाबद्दल तुमचं मत काय?' सगळ्या वस्तीने 'फार चांगलं' वर खूण केली. मॅडम गोंधळली. सगळेच खूश, तर तिला इथे पाठवलं कशाला?

हसन म्हणाला, "मॅडम, तुमी पावण्या. तोंडावर वाईट कोण बोलंल? तुमी नसताना विचारा!"

*

दुसऱ्या खेपेला फिल्म दाखवली. त्यांच्या देशातली मोठी मशीद, नमाज पढणारी माणसं. दिवे लागल्यावर मॅडमने विचारलं, "काही प्रश्न?"

माझी बायको हलीमा उठली. "छपराला पत्रा कुठला घातलाय? आमच्या जमातखान्याचा गळतो."

मॅडमने लिहून घेतलं. काय लिहिलं, देव जाणे!

*

तिसऱ्या खेपेला घरटी एक स्टीलचा डबा. झाकणावर त्यांचा झेंडा, आत बदाम. मी फुकट कुणाचं घेत नाही. पण मी जमातखाना बंद करून घरी पोचेपर्यंत हलीमाने घेतला होता.

बदाम संपले. डबा फळीवर. आमच्यात दुसऱ्याचा डबा ठेवून घेत नाहीत, आणि रिकामा परत करत नाहीत. मला तो रोज दिसायचा. जेवण गोड लागेना.

शेवटी घरोघर तांदळाच्या रव्याचं गोड सांदण वाफवलं, डबे भरले. डबे घेऊन मी हसनच्या टेंपोतून थेट मुंबई, वकिलातीच्या गेटवर.

गार्ड म्हणाला, "शिजवलेलं आत जाणार नाही."

"मग मॅडमला बाहेर बोलव," मी म्हणालो.

ती दुभाष्याला घेऊन धावतच आली. डबे बघून तिचा चेहरा पडला.

"मॅडम विचारतात, भेट परत का केली? वस्ती नाराज आहे का?"

"नाराज कशाला?" मी म्हटलं. "डबा तुमचा हाय."

"अहो, डबा भेट दिला होता!"

"भेट बदाम. डबा कोण भेट देतं?"

दुभाषा माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. मॅडम आमच्या दोघांकडे.

मी माझा डबा तिच्या हातात दिला. "उघडा."

तिने झाकण काढलं. फुटपाथवर उभ्यानेच एक सांदण खाल्लं. मग दुसरं.

हसनने बाकीचे डबे उतरवले.

फिटलं.