नाव सांग

रंगनाथअण्णांसमोर कुणी ‘त्या लोकांनी’ अशी सुरुवात केली, की अण्णा तोंडातलं पान थुंकून टाकत आणि विचारत, “कुनी? नाव सांग.” पूर्णा गावची माणसं लबाड, एवढं म्हटलं तरी हेच. नाव सांगता आलं नाही की पुढं म्हणत, “गावाला हात नसत्यात, बाबा. हात मानसाला असत्यात.” शेजारी असल्यामुळं माझीही अशी बोलती कितीदा बंद झाली.

अण्णा आईच्या कडेवर होते तेव्हा, रझाकारीत, त्यांचे वडील मारले गेले. त्यामुळं मुक्तिसंग्राम दिनाला झेंड्याजवळची पहिली खुर्ची त्यांची. शाल, नारळ, फेटा. फेटा बांधणाऱ्या पोरांना अण्णांच्या वडलांचं नाव ठाऊक नसे. मला त्या सत्काराची शिसारी यायची.

एका वर्षी तिथंच सरपंचाच्या भावानं, बाळूनं, माइकवर जाहीर केलं की ज्यांच्या जातभाईंनी अण्णांच्या बापाला मारलं, त्यांच्याकडून यापुढं बांगड्या भरायच्या नाहीत. गावात बांगड्या विकणारा मणियार एकच, महेबूब. बाजारच्या दिवशी लिंबाखाली बसायचा. बाळूच्या बहिणीचा लग्नातला चुडासुद्धा महेबूबच्याच आईनं घरी येऊन भरलेला, वर तिला मांडवात जेवायला बसवलेलं. तरी टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पिटणाऱ्यांत आमच्या शाळेतले दोघं मास्तरही होते.

अण्णा उठले. शाल काढून खुर्चीवर ठेवली.

“माजा बाप कडब्याच्या गंजीत लपला हुता. मारनारे परगावचे. पन गंजी दाखवली ती आपल्याच भावकीतल्या एकानं. त्याचं नाव मला ठाऊक हाय. सांगत न्हाई. त्याची नातवंडं हितंच बसल्यात, आन् त्यांनी कायबी केलेलं न्हाई. मग महेबूबनं काय केलंय?”

माणसं खाली बघत घरी गेली. वाटलं, लाज वाटली असेल. कसली लाज! दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव ते नाव हुडकायच्या मागं लागलं. पारावर जुन्या वंशावळी उकरल्या जाऊ लागल्या. अण्णांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “ह्यास्नी बोट दाखवायला कुनीतरी पायजे. कुनीबी चालतंय.”

त्यानंतर दर बाजारी अण्णा महेबूबच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे. पान खायचे, बायकांना बांगडीचा रंग सुचवायचे, तोही बहुतेक चुकीचा. ते बसलेले असेतो कुणाची बोलायची छाती झाली नाही.

या वर्षी अण्णा गेले. तेराव्याच्या आतच बाजार आला. लिंबाखाली, महेबूबच्या नेमक्या जागेवर, फलक लागला होता. त्यावर फेट्यातले अण्णा आणि खाली मजकूर, ‘बापाचं रक्त विसरणार नाही’. ज्या माणसानं आयुष्यभर हे थुंकून टाकलं, त्याच्याच तोंडी ते कोंबलं होतं. महेबूब सायकलवर पेटी घेऊन लांब उभा होता. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

बाळू तिथंच चहा पीत होता. फलक कुणी लावला, असं मी त्याला विचारलं.

“गावानं,” तो म्हणाला.

“गावाला हात नसतात. नाव सांग.”

त्यानं कपातला चहा संपवला. मी चहावाल्याचं स्टूल ओढलं, वर चढून दोऱ्या सोडल्या आणि फलक गुंडाळून काखेत घेतला. महेबूबला हाक मारली, पेटी आण म्हणालो.

मग बाळूला सांगितलं, “काढला कुणी असं कुणी विचारलं, तर गावानं म्हणू नको. माझं नाव सांग.”