घाबरा म्हणणारी वहिनी

माझी वहिनी भर बाजारात, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "जरा जागा द्या हो, ह्यांना धडधडतंय." ह्यांना म्हणजे माझ्या दादाला, तिच्या नवऱ्याला. उल्हासनगर कॅम्प दोनच्या गर्दीत त्याचा श्वास अडकायचा, हातपाय गार पडायचे, आता आपण मरतो अशी खात्रीच पटायची. डॉक्टर ह्याला चिंतेचा विकार म्हणत आणि औषध देत. आमचे नातेवाईक ह्याला नाटक म्हणत. वहिनी सरळ जवळच्या दुकानाच्या पायरीवर फतकल मारायची आणि त्याला शेजारी बसवून घ्यायची. एकदा दुकानाचा सिंधी मालक कुरकुरला, "भाभी, धंदे का टाइम है." वहिनी म्हणाली, "करो ना सेठ धंदा, हम कहाँ आपके तराजू पे बैठे हैं?" सेठ हसला आणि आतून पाण्याचा ग्लास आला.

"घाबरू नका" असं तिनं त्याला कधी म्हटलं नाही. "तसं म्हणून कोणाची भीती गेलीय? घाबरा बिनधास्त, मी आहे इथं," असं म्हणायची. पण लाड अजिबात नाहीत. अंबरनाथच्या आमच्या चाळीतून गिरणीवर दळण न्यायचं ते दादानंच. कधी कधी तो अर्ध्या वाटेवरून घामाघूम होऊन परत यायचा. ती पाणी द्यायची, थोडं बसू द्यायची आणि डबा पुन्हा त्याच्या हातात. "मी गेले तर पीठ येईल, पण तुमचा रस्ता बंद होईल," हे तिचं म्हणणं, आणि डॉक्टरांचंही.

तिलाही वैताग यायचा, आणि तोही ती लपवायची नाही. "मी काय दगड आहे?" म्हणत रविवारी खरवईला बहिणीकडे जायची, जेवून दुपारभर झोपायची आणि ताजी होऊन परतायची. नवरा आजारी आणि ही झोपा काढते, असं चाळीतल्या बायका बोलत. मला त्यांचा तेव्हाही राग यायचा, अजून येतो.

आई मात्र पार हवालदिल झाली होती. शेजारणीचं ऐकून तिनं भगताकडून मंतरलेलं लिंबू आणलं आणि दाराला बांधलं. वहिनी म्हणाली, "आई, आपण बौद्ध ना? भिंतीवर बुद्ध आणि दारावर लिंबू? दोघांतला एक उतरवा." आईनं लिंबू उतरवलं. वहिनीनं त्याचं सरबत केलं आणि सगळ्यांदेखत स्वतः प्यायली.

मग मला बघायला पाहुणे यायचे ठरले. मामा म्हणाले, "त्याला त्या दिवशी बारवीला आत्याकडे पाठवा. पाहुण्यांसमोर सुरू झाला तर पोरीचं लग्न व्हायचं नाही." दादानं बिचाऱ्यानं बॅगही भरली. वहिनीनं ती रिकामी करून कपडे कपाटात ठेवले. "मामा, पाहुणे तासाभराचे. घर ह्यांचं आहे." मामा तापले, तेव्हा मीही सांगून टाकलं की दादा नसेल तर मी चहा घेऊन बाहेर येणार नाही.

पोहे फिरत असतानाच दादाच्या हातातली बशी थरथरू लागली. वहिनी त्याला खेटून बसली आणि पाहुण्यांना म्हणाली, "ह्यांना पॅनिक येतं. औषध चालू आहे. थोड्या वेळात निवळेल, तुम्ही पोहे खा." पाहुण्यांनी पोहे खाल्ले नाहीत. घाईघाईनं उठले, आणि संध्याकाळी नकार आला. दादा रडायला लागला, "माझ्यामुळं मोडलं."

वहिनी उसळली, "तुमच्यामुळं? तुम्ही घाबरलात तरी जागेवर बसलात. पळाले ते." खरंच होतं. असल्या पळपुट्यांच्या घरात जाऊन मी काय दिवे लावणार होते?

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. तापाचं निमित्त झालं. इतकी खमकी बाई तापानं न्यावी, हे मला अजून पटत नाही. तिच्या जलदान विधीला मामा पुन्हा कुजबुजले, "त्याला आतल्या खोलीत बसवा." मी तोंड उघडणार, इतक्यात दादा बाहेर आला. बुद्धवंदना संपताच सगळ्यांसमोर उभा राहिला. त्याचा श्वास अडकू लागला. कोणीतरी त्याला धरून खाली बसवायला उठलं.

"बसणार नाही," तो म्हणाला. "मला वेळ लागेल. पण माझ्या बायकोबद्दल पहिला मी बोलणार."

उठलेला माणूस परत बसला आणि सगळा मांडव वाट बघत राहिला. मामाही. मग दादा बोलला.