फुईच्या आठवणीतला खुनी

तापीकाठच्या प्रकाशा गावात राहणाऱ्या माझ्या आत्याला आम्ही फुई म्हणत असू. साठ सालाच्या आसपास काचबिंदूने तिची दृष्टी पार गेली. मी तेव्हा शहाद्याला शिक्षक होतो; रविवारी तिला पुस्तक वाचून दाखवायला जायचो. तिला पोथीपेक्षा डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांची गोडी. तरुणपणी यजमान बाजारातून आणून देत आणि दोघं मिळून वाचत.

मला जुन्या रहस्यकथांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायचा नाद होता. एका कादंबरीची मात्र दुसरीच आवृत्ती मिळाली होती. ती वाचून संपवली, तेव्हा फुई शांतपणे म्हणाली, "खून डॉक्टरनी नही करा. वकीलनी करा."

तिचा मुलगा ओट्यावर बसला होता. आईचं हल्ली असंच चाललंय, कालही न तापवलेलं दूध तापवलं म्हणाली, असं त्याने मला सांगितलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण घरात तिला कुणी काही विचारेनासं झालं होतं, आणि हे सगळं तिला ऐकू जात होतं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

ते मला लागलं. पहिली आवृत्ती पाहायचीच, असं ठरवून मी दिसेल त्या रद्दीवाल्याकडे चौकशी करत राहिलो. अखेर नंदुरबारला एक प्रत सापडली, पण मुखपृष्ठ गेलेलं आणि सुरुवातीची पानंही फाटलेली. आवृत्ती कितवी, हे त्याच पानांवर छापलेलं असतं. मग मी मागची जाहिरातींची पानं उघडली. माझ्या प्रतीत त्याच लेखकाची पुढची कादंबरी किमतीसह विक्रीला होती. इथे तिच्यापुढे 'छापत आहे' एवढंच होतं. म्हणजे ही प्रत दुसऱ्या आवृत्तीच्या आधीची. पहिलीच.

एसटीत बसल्या बसल्या शेवटचं प्रकरण वाचलं. तिकीट शहाद्याचं होतं, तरी प्रकाशालाच उतरलो.

फुईच्या मुलाला आणि सुनेलाही बोलावून मी ते प्रकरण मोठ्याने वाचलं. त्यात वकील गुन्हा कबूल करत होता. लेखकाने दुसऱ्या आवृत्तीत शेवट बदलला होता. फुईने वाचली होती ती पहिली.

फुईने चाचपडत माझा हात धरला. "मन्हं डोकं ठिकाणवर शे ना, भाऊ?"

उत्तर तिच्या मुलाने दिलं. "शे, माय." मग यंदा वरच्या वावरात केळी लावावी की कापूस, असं त्याने तिला विचारलं. तिने कापूस सांगितला.

पुढे तिला खरोखरच विसर पडू लागला. नातवंडांची नावं चुकायची. पण सून हसून दुरुस्त करायची, आणि शेतीचा विषय निघाला की मुलगा तिच्या खाटेशी येऊन बसायचा. ती प्रत मी तिच्याकडेच ठेवली. वाचायला शिकलेली नात तिला ती वाचून दाखवायची. शेवट जवळ आला की फुई पदर तोंडाला लावून, काही माहीत नसल्यासारखी ऐकत राहायची.