काठावरून मारलेली हाक

धरणाचं पाणी चढलं आणि आमचं गाव बेट झालं. गाव उठेपर्यंतची काही वर्षं आमचं सगळं येणं-जाणं डोंग्यातून चाललं. गॅसची टाकी डोंग्यातून यायची, वहिनीसुद्धा नवरी होऊन डोंग्यातूनच आली. घाटावर जाळी वाळत असायची आणि माझ्या धुतलेल्या शर्टालाही मासळीचा वास यायचा. तेव्हा मला त्याचा फार राग यायचा.

फाल्गुनात समोरच्या काठावर पळस फुलायचा आणि संध्याकाळी वारा पडायचा. बाजार करून परतलो की त्या पळसाखाली उभं राहून मी डोंगेवाल्याला हाक मारायचो. ती पाण्यावरून थेट आमच्या चुलीपर्यंत पोचायची. मला घेऊन डोंगा घाटाला लागेपर्यंत आईचा चहा उकळलेला असायचा.

आता आम्ही लाखनीला हायवेला लागून राहतो. घर पक्कं आहे, तक्रार तरी कशाची करणार. ट्रकांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

परवा बाजारातून आलो, तर आई दारातच बसली होती. मला एकदम समोर पाहून ती दचकली, मग चिडली.

"हाक काहून नाही मारली? चाय मांडून ठेवली असती ना."