भिंतीकडे तोंड करून शिकवणारी

लेकीच्या क्लबातल्या मुली त्यांच्या कोचला मागून 'मांजर' म्हणतात आणि ते तिला ठाऊक आहे. व्हॉलीबॉलच्या सरावात ती मुलींना उड्या मारायला लावते आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहते. कुणी धप्पकन आदळलं की न वळताच म्हणते, "हत्ती. पुन्हा." आवाज आला नाही तरच वळते आणि गुडघा बघते. वाकलाय का, पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का. "मांजर बघा कशी उतरते," हे इतक्यांदा म्हणते की नाव तिलाच चिकटलं.

दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. शटर ओढलं की थेट क्लबचा हॉल. उजवा पाय जरा जपून टाकते. माझ्या लेकीएवढी असताना एका सामन्यात ती उडी मारून उतरली. कुणाचा धक्का नाही, काही नाही, आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. आतलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं, पण खेळ सुटला तो सुटलाच.

"सगळे उंच उडायला शिकवतात हो, ताई," ती मला म्हणाली. "उतरायचं कसं, ते मला कुणी सांगितलंच नाही."

मुलींना ही दुखापत जास्त होते, हेही तिनेच समजावलं. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, मांड्यांची ताकद मागे राहते आणि उतरताना गुडघा आत कलतो. माझ्या झोपेचं खोबरं झालं, कारण लेकीचा डावा गुडघा नेमका तसाच कलायचा. दमली की हमखास.

स्पर्धेचा संघ निवडायची वेळ आली तेव्हा मांजर लेकीला म्हणाली, "गुडघा सरळ राहिला तर मैदानात. नाहीतर बाकावर."

लेक घरी येऊन धुमसली. "खार खाऊन आहे माझ्यावर." मला मात्र बाकच बरा वाटत होता.

मग घरी उड्या सुरू झाल्या. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. "हत्ती पाळलाय का हो?" त्यावर लेकीने उपाय काढला आणि आवाज खरंच थांबला. ती ऐटीत क्लबच्या हॉलमध्ये गेली, उडी मारली. धप्प.

मांजर भिंतीकडे बघतच म्हणाली, "घरी कशावर करतेस?"

"गादीवर."

"मग गादी शिकली. तिला घेते संघात."

सगळ्या हसल्या. लेकीचे डोळे भरले होते, तरी शेवटी तीही हसली.

त्या दिवसापासून सराव संपला, की मांजर तिला मागे ठेवून घ्यायची. मुद्दाम, दमलेली असताना. एका पायावर तोल, बैठका, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि मग उड्या. चष्म्याच्या काचेवरचा ओरखडा शोधावा तशी ती गुडघा न्याहाळायची. घरी गादी गुंडाळून ठेवली. आजोबांना मी जाऊन सांगितलं, थोडे दिवस सोसा. काही आठवड्यांनी तेच जिन्यात म्हणाले, "हत्ती गावाला गेलाय का?"

लेक संघात आली. आज सामना होता. हॉलमध्ये एवढा गोंगाट की उडी ऐकू येणं शक्यच नव्हतं. मांजर पहिल्यांदाच मैदानाकडे तोंड करून बसली होती, स्वतःचा उजवा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरून. नेटपाशी लेकीने उडी घेतली. शेजारून धावत आलेल्या तिच्याच मैत्रिणीचा खांदा हवेत तिला लागला आणि ती एकट्या डाव्या पायावर खाली आली. गुडघा वाकला, बोटांच्या रेषेत राहिला आणि ती पुढच्या चेंडूमागे पळालीसुद्धा.

मांजरने गुडघ्यावरचे हात सोडले.

सामना हरलो. लेक तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, शाबासकीसाठी.

"सर्व्हिस भिकार आहे तुझी," मांजर म्हणाली. "उद्या ये."

लेक शांत झोपली आहे. मी तिचे बूट उद्यासाठी दाराशी काढून ठेवलेत.