नाव घे, सुमन

मालकीणबाई ओळीनं सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावत आल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या. करंडा त्यांच्या सुनेच्या हातात होता. त्यांनी तो तिच्याकडून घेतला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "हिला कशाला कुंकू? हिनं तर नवऱ्याला आत टाकलं की."

मंडपातल्या बायका हसल्या. तोंडाला पदर लावून नाही, मोकळ्या तोंडानं.

माझा नवरा त्या वेळी मालकीणबाईंच्या बंगल्याच्या फाटकाबाहेर ऑटोत तंबाखू मळत बसला होता. धडधाकट. आत गेला होता तो दौलतभाऊ. दौलतभाऊ म्हणजे मोबाइलवर लागणाऱ्या आमच्या गावच्या सीरियलमधला वाळूचोर. सुमन त्याची बायको. सुमनचं काम मी करत होते.

"अगं, नाव घे, नाव घे!" कोपऱ्यातून एक ओरडली. मग सगळ्या मंडपानंच ते धरलं. "नाव घे, सुमन! दौलतभाऊचं नाव घे!"

मी उभीच.

"आता कामून लाजायलीस? फौजदारापुढं तर फाडदिशी घेतलंस."

पुन्हा हशा. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटत होते. माझ्या डावीकडच्या बाईला दिला, उजवीकडच्या बाईला दिला. मी कोरं कपाळ घेऊन बाहेर आले. नवऱ्यानं कपाळाकडं पाहिलं आणि किक मारली.

आमचं गाव परभणीजवळच्या पिंगळीच्या अलीकडं. माझं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. मेंढरांमागं ओरडून ओरडून माझा आवाज मोठा झालेला. लग्नानंतर रोजानं खुरपायला जायचे. मग एका संस्थेनं संडासाची आणि लसीची पथनाट्यं करायला बायका गोळा केल्या, त्यात आवाजामुळं मला घेतलं. तिथं मला कळलं की चार माणसांत उभं राहून बोलताना माझे पाय कापत नाहीत. तेवढं एकच सुख माझं स्वतःचं होतं.

भैय्यासाहेब मालकीणबाईंचा मुलगा. त्यांना नावानं कुणीच हाक मारत नाही, म्हातारी माणसंसुद्धा भैय्यासाहेबच म्हणतात. नदीवरून त्यांचे वाळूचे टिप्पर चालतात हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही. त्यांना हिरो व्हायचं होतं. परभणीत लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक पोरगा त्यांनी धरून आणला, त्यानंच गोष्ट लिहिली, त्यानंच कॅमेरा चालवला. दौलतभाऊ झाले भैय्यासाहेब. त्यांना ॲक्टिंग अशी करावीच लागत नव्हती. बायकोच्या कामाला मात्र घरंदाज बाई मिळेना. मग माझी आठवण झाली. मेंढरावाल्याची पोरगी, तिला कसली आलीय इज्जत!

सीरियल चालली. सेलूपासून गंगाखेडपर्यंत पोरं बघायला लागली. दौलतभाऊ ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला वाळूच्या खड्ड्यात गाडतो, त्या भागाखाली लोकांनी मोबाइलवरचे लाल बदाम पाठवले. "भाऊचा नाद न्हाई करायचा." त्याच भागात सुमन त्याला भाकर वाढताना विचारते, "तो ड्रायव्हर घरी गेला का?" एवढंच एक वाक्य. त्याच्याखाली लोकांनी लिहिलं, "जेवू तर दे त्याला." "हिचं तोंड बंद करा." "अशी बायको असल्यावर माणूस बिघडंल न्हाई तर काय?"

माणूस गाडला त्याचं कुणाला काही वाटलं नाही. भाकर वाढताना विचारलं त्याचा राग. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं म्हणतात ते हेच.

पहिल्या काही भागांत सुमन गप्प होती. तेव्हा म्हणाले, आयतं खाती. बोलायला लागली तेव्हा म्हणाले, त्याच्याच पैशाची साडी नेसती अन् त्यालाच बोलती. घर सोडून निघाली तेव्हा म्हणाले, हिचं बाहेर काहीतरी असंल. मी रात्रंदिवस विचार केला, या बाईनं नेमकं काय केलं असतं म्हणजे लोकांना चाललं असतं. एकच उत्तर मिळालं. मेली असती तर चाललं असतं. मग दौलतभाऊ रडला असता आणि त्याला अजून बदाम मिळाले असते.

मग आला फौजदाराचा भाग. फौजदार विचारतो, "कुणी केलं?" कागदावर माझं वाक्य होतं, "माझ्या नवऱ्यानं." मी बोलले, "माझ्या नवऱ्यानं. दौलत नाव हाय त्याचं."

नाव मीच घातलं. मुद्दाम नाही. नुसतं नवऱ्यानं म्हटल्यावर फौजदार लिहिणार काय, असं वाटलं आणि तोंडातून गेलं. शूटिंगवाल्या पोराला लय आवडलं. भैय्यासाहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी ते राहू दिलं.

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. "अवो" म्हणायचं, नाहीतर "आमचे हे". मीही कधी घेतलं नाही. घेतलं ते उखाण्यात, यमकाच्या आडोशानं. आणि सुमननं ते एकेरी घेतलं, ठाण्यात घेतलं, पोलिसापुढं घेतलं. तिथून माझी दशा सुरू झाली.

परभणीच्या बाजारात बांगड्या भरायला बसले. बांगडीवालीनं माझा हात हातात घेतला, वर तोंडाकडं पाहिलं आणि हात खाली टाकला. म्हणाली, "तुला भरून काय उपेग? तू तर फोडायच्या तयारीची."

देवगाव फाट्यावर बसची वाट बघत होते. पोरं ओरडली, "पांढऱ्या पायाची आली रे, बस पंक्चर व्हती आता!" दोघातिघांनी मोबाइल काढून माझ्या पायांचे फोटो घेतले. बाजूला एक म्हातारी बसली होती. तिनं मायेनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला रडू आलं, म्हटलं चला, एक तरी निघाली. ती म्हणाली, "लेकी, नवरा कसा बी असंल, बाईनं झाकावं."

"आजी, ते नाटक हाय."

"नाटक असू दे. पर तू घेतलंस न्हवं नाव?"

पोरांच्या शिव्यांपेक्षा त्या म्हातारीचा हात मला जास्त लागला. तो अजून गुडघ्यावर जाणवतो आणि अजून चीड येते.

नवऱ्याच्या ऑटोत बसणारे त्याला विचारायचे, "रातीला झोप लागती का बाबा? फौजदाराला सांगंल हं!" आधी तो त्यांच्यासोबत हसायचा. मग हसणं बंद झालं. मग घरी आल्यावर बोलणंही बंद झालं. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं मला चुलीपुढून उठवलं. "माझ्या लेकाची गावात बेइज्जती व्हायलीय. त्या मोबाइलमधीच माफी माग, पर माग. न्हाईतर बापाच्या मेंढरांकडं जाय. ह्या घरात राहू नको."

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "एका भागाचा तर सवाल हाय."

म्हणजे ठरलं होतं सगळ्यांचं. सुमननं माफी मागितली तर मला घर, नाहीतर नाही. मी सुमन नाही हे मी त्या घरात ओरडून सांगितलं. सासू म्हणाली, "तोंड तर तुझंच हाय ना?"

पुढचा भाग तयारच होता. शूटिंग बंगल्याच्या अंगणात. दौलतभाऊ जामिनावर सुटून येतो, सुमन दारात येते, तो तिच्या थोबाडीत मारतो, ती त्याचे पाय धरते आणि उखाण्यात त्याचं नाव घेते. उखाणा पोरानं लिहून आणला होता. "चुकले मी, पदर पसरते दारात, दौलतरावांचं राज्य राहो जन्मभर घरात."

"वहिनी, पब्लिक हेच मागायलंय," तो म्हणाला. आधी तो मला ताई म्हणायचा.

मी म्हटलं, "थोबाडीत खोटी मारा. मी मान फिरवते."

"हो हो, खोटीच."

अख्खं गाव लोटलं होतं. पोरं जेसीबीवर चढून बसली होती. ओट्यावर मालकीणबाईंची खुर्ची, तिच्या भोवती मंडपातल्या त्याच बायका. माझा नवरा फाटकाला टेकून उभा. मला वाटलं, तो आहे तोवर काही होणार नाही. अजून वाटत होतं तसं.

कॅमेरा सुरू व्हायच्या आधी भैय्यासाहेब लोकांकडं वळले. हसत हसत विचारलं, "खरी मारू का?"

"खरी! खरी!"

बायकांचा आवाज सगळ्यात मोठा.

त्यांनी मारली. कानात शिट्टी वाजली आणि डोळ्यापुढं अंगण वाकडं झालं. टाळ्या. शिट्ट्या. शूटिंगवाला ओरडला, "कट! लोकायचा आवाज आला. परत घ्यावं लागंल."

परत घेतली. लोक गप्प बसले, पण भैय्यासाहेबांना आपला हात नीट पडला नाही असं वाटलं. परत घेतली. त्यांना मजा यायला लागली होती, मला जवळून दिसत होतं. ओठ आतून फाटला. तोंडात खारट चव आली. मी फाटकाकडं पाहिलं. नवरा दोन्ही हातांनी मोबाइल धरून उभा होता. तो शूटिंग काढत होता. नीट यावं म्हणून एक पाऊल पुढंही आला.

माझ्या आतलं काहीतरी तिथं संपलं. दुःख झालं नाही. लय थंड वाटलं. मला कळलं की हे सुमनला मारत नाहीत. सुमनला कान नाही, ओठ नाही. ही माणसं भाकर वाढताना तोंड उघडणाऱ्या बाईला मारत आहेत, आणि ती आज यांच्या हाती माझ्या रूपानं लागली आहे. माझ्या जागी त्या ओट्यावरची कोणीही असती तरी मारलं असतं. ती टाळ्या वाजवत होती म्हणून वाचली होती.

"आता पाय धर अन् उखाणा," शूटिंगवाला म्हणाला.

मी पाय धरले नाहीत. ताठ उभी राहिले आणि मेंढरामागं लावायचे तसा आवाज लावला.

"वाळूच्या ढिगावर टाकली खुर्ची,
अभिजितनं हात उचलला, हौस फिटली गावची."

अभिजित हे भैय्यासाहेबांचं नाव. त्या अंगणात ते नुसतं, बिनसाहेबाचं, पहिल्यांदाच कुणी उच्चारलं असेल. जेसीबीवरचं एक पोरगं फिस्सकन हसलं आणि शेजारच्यानं त्याचं तोंड दाबलं.

"काय म्हणालीस?" भैय्यासाहेब म्हणाले.

"आईकू आलं न्हाई? परत घेते."

परत घेतलं. आणखी मोठ्यानं घेतलं. मालकीणबाई खुर्चीतून उठल्या. मी पदराखालचा माइक ओढून जमिनीवर टाकला आणि फाटकातून नवऱ्याच्या अंगावरून बाहेर पडले. त्याच्या ऑटोत बसले नाही. रस्त्यावर दुसरा ऑटो मिळाला, तशीच परभणीला ठाण्यात गेले.

तिथंही सीरियल बघत होते. हवालदारानं मला पाहिलं आणि बाकीच्यांना हाक मारली. "अरे, सुमनताई आल्या! आज कुणाला आत टाकायलाव?"

हसून घेतलं त्यांनी. मी त्यांचं हसणं संपेपर्यंत थांबले. रुमाल ओठाला लावलेला होता, तो काढला.

"कुणी मारलं?"

मी नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट.

हवालदाराचं हसू मावळलं. "बाई, ते ॲक्टिंग असतंय. साक्षीला गाव येईल का?"

"गावानंच मार म्हणून सांगितलं. गाव कशाला येईल?"

"मोठी माणसं हायेत. इचार करा. नाव एकदा लिवलं की लिवलं."

"लिवा."

त्यानं पेन उघडून बराच वेळ धरून ठेवलं. मग लिहिलं. लिहिताना नावाच्या पुढं भैय्यासाहेब असंच लिहायला लागला होता, मी खोडायला लावलं.

मी बाहेर येईस्तोवर मोबाइलवर तुकडा फिरायला लागला होता. माझ्या थोबाडीत बसते तेवढाच. मागं गाणं लावलेलं. उखाणा कापून टाकलेला. खाली बदामच बदाम. "अशीच पाहिजे." "लय दिवसाची इच्छा पूर्ण केली भाऊनं." एका बाईनं लिहिलं होतं, "आता सुधरंल." तिच्या फोटोत तिच्या कडेवर पोरगी होती. त्या पोरीची मला कीव आली, बाईची आली नाही.

नवरा ठाण्याच्या बाहेर ऑटो लावून उभा होता. माझ्या ओठाकडं त्यानं पाहिलं नाही.

"नाव मागं घे," तो म्हणाला. "आत जा, चुकून झालं म्हण, अन् घरी चल. आईनं दार लावून घेतलंय. मागं घेतलंस तर उघडंल."

"न्हाई."

"मग जाशील कुठं?"

"ठाऊक न्हाई."

खरंच ठाऊक नव्हतं. बापाची मेंढरं कुठल्या शिवारात बसली आहेत हेही मला माहीत नव्हतं, आणि बाप तरी दारात घेईल का, हेही नाही. त्याच्याही हातात मोबाइल आहे. तोही दौलतभाऊ बघतो. हा खटला लांबेल, साक्षीला कुणी उभं राहणार नाही, परभणीच्या बाजारात माझा हात कुणी हातात घेणार नाही. सगळं मला दिसत होतं. सुमनला तिचा लिहिणारा वाटेल तेव्हा दारात आणून कुणाच्याही पायावर घालू शकतो. मला घालू शकत नाही. मी नवऱ्याला एवढंच बोलले आणि चालायला लागले.

"घेतलेलं नाव मी मागं घेणार न्हाई."