चांदीला कुठं गंज लागतो?

सूड घेऊ नये, सोडून द्यावं, असं सांगणाऱ्यांच्या पोटावर कधी कुणी पाय दिलेला नसतो.

लोणावळ्यातल्या एका बंगल्याची हिरवी भिंत मी सांभाळायचे. भिंतीला लोखंडी सांगाडा, त्यावर कुंड्या, कुंड्यांत नेचे आणि मनीप्लांट. सांगाडा उभारला कामशेतच्या एका फॅब्रिकेटरनं. पाइपांना गंज लागू नये म्हणून जस्ताचा मुलामा होता, पण यानं ते जागेवर आणून वेल्डिंग केलं. सांध्यांवरचं जस्त गेलं जळून! मी बोलले, तर म्हणतो कसा, "वरनं सिल्व्हर पेंट मारलाय की ताई. चांदीला कुटं गंज लागतो?" चांदी म्हणे! डबा रंगाचा आणि गप्पा सराफाच्या.

दुसऱ्या पावसाळ्यात सगळे सांधे लाल झाले, पांढऱ्या भिंतीवर ओघळ उतरले. बंगल्याच्या मालकीणबाईंसमोर हा महाभाग बेधडक म्हणाला, "ताईंच्या खताच्या पाण्यानं गंज चढलाय." बाईंनी मला काढून टाकलं. पुढं लोणावळ्यात जिथं काम मागायला जावं तिथं तेच, "खत जास्त घालणाऱ्या त्या तुम्हीच ना?" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

यंदा पवनेकडच्या एका रिसॉर्टनं मला नेमलं. तिथली हिरवी भिंत मी बघून पास करायची. आणि सांगाड्याचं काम कुणाला मिळालेलं? यालाच! देव आहे हो. मी चकार शब्द काढला नाही. त्याला अख्खी भिंत उभारू दिली, रंगवू दिली. मग मॅनेजरसमोर कानस घेऊन एकेक सांधा घासला. सिल्व्हर पेंटखाली उघडं लोखंड.

"सगळं उतरवा, भाऊ. आधी वेल्डिंग, मग मुलामा."

"ताई, लय नुकसान हुईल. हात जोडतो."

"आधी त्या बाईंना फोन लावा. गंज कशानं चढला ते सांगा. मग बघू."

त्यानं स्पीकरवर फोन लावला. "बाई, तुमच्या भिंतीचा गंज खतानं न्हाई, माज्या वेल्डिंगनं चढलता." काय सांगू, कान तृप्त झाले माझे!

पलीकडं बाई हसल्या. "अहो, ते मला तेव्हाच कळलं होतं. भाचीला बागेचं काम द्यायचं होतं, आयतं निमित्त मिळालं."

फोन बंद झाला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, खरं बोललो ना मी? आता तरी ऱ्हाऊ द्या."

"काढा," मी म्हणाले. "शेवटच्या पाइपापर्यंत काढा."